न्हाणीघरातला प्लग

इतिहासाचा अध्यापक न्हाणीघरातल्या विजेच्या प्लगवर बोलायला बसला, हे ऐकून काहींना हसू येईल. आमच्याकडून लोकांची अपेक्षा गड, लढाया आणि सनदा यांची असते. पण इतिहास काही फक्त दरबारात घडत नाही. तो चुलीपाशी घडतो, विहिरीवर घडतो, आणि आजच्या काळात तो आपल्या न्हाणीच्या भिंतीवर, पांढऱ्या प्लास्टिकच्या एका पेटीच्या तीन भोकांतही दडलेला असतो. ही तीन भोके तिथे कशी आली, तिसरे भोक मोठे का, आणि जुन्या न्हाणीत प्लग बसवताना आपण नेमके काय विसरतो, एवढेच आज सांगायचे आहे.

या विषयाकडे मी आवडीने वळलो नाही. आमच्याच घरातल्या एका प्रसंगाने मला त्याकडे वळवले. तो प्रसंग पुढे ओघाने सांगेन. आधी आपली जुनी न्हाणी डोळ्यांपुढे आणू या.

घराच्या मागच्या अंगाला, परसाच्या बाजूला, दगडी फरशीची एक अंधारी खोली. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात तांब्याचा बंब, जवळ घंगाळ आणि तांब्या. बंबाच्या पोटातल्या नळीत गोवऱ्या, शेंगांची टरफले, लाकडाच्या ढलप्या टाकायच्या. पाणी तापले की तोटीखाली घंगाळ धरायचे. दिवाळीच्या पहाटे त्या बंबाचा धूर, उटण्याचा वास आणि थंडीने वाजणारे दात हे सगळे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगायला नको. या न्हाणीत आग होती आणि पाणीही होते. पण आग दिसत होती. तिचा धूर डोळ्यांत जात होता, तिची धग अंगाला लागत होती. बंबाला हात लावू नये हे दोन वर्षांच्या पोरालाही एका चटक्यात कळत होते. वीज आली आणि ही सोय गेली. विजेला रंग नाही, वास नाही, धूर नाही. ती आहे हे कळते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

घरगुती विजेचा इतिहास तसा फार जुना नाही. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजघर सुरू झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये हॉलबर्न व्हायाडक्टपाशीही वीजघर चालू झाले. मुंबईत ट्राम आणि वीज यांसाठीची कंपनी, जिला पुढे आपण ‘बेस्ट’ म्हणू लागलो, ती १९०५ सालची. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. खेड्यापाड्यांपर्यंत तारा पोचायला मात्र आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, मागोमाग कोयनेची वीज आली, आणि मग गावोगाव खांब दिसू लागले.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की, वीज घरात आली ती दिव्यासाठी. प्लग ही कल्पनाच तेव्हा नव्हती. अमेरिकेत प्रारंभी इस्त्री किंवा पंखा लावायचा तर दिवा काढून त्याच्या होल्डरमध्ये तार फिरवून बसवीत. हार्वे हबेल नावाच्या माणसाला १९०४ साली सहज काढता-घालता येणाऱ्या प्लगचे पेटंट मिळाले, आणि तेसुद्धा आधी त्या दिव्याच्याच होल्डरमध्ये बसणारे होते. आपल्याकडेही दिव्याच्या होल्डरला जोडहोल्डर लावून त्यावरच इस्त्री चालवणारी घरे ज्येष्ठ श्रोत्यांना आठवत असतील.

दिव्यासाठी दोन तारा पुरतात. एकीतून वीज येते, तिला आपण फेज म्हणतो. दुसरीतून परत जाते, ती न्यूट्रल. जुन्या अमेरिकन घरांत या दोन तारा चिनी मातीच्या गुंडाळ्यांवरून आणि नळ्यांतून, एकमेकींपासून दूर नेलेल्या असत. आपल्याकडे त्या लाकडी पट्टीच्या खोबणीतून नेऊन वर झाकणपट्टी ठोकीत. काम सुबक असे. अजूनही कित्येक वाड्यांत त्या पट्ट्या रंगाचे थर अंगावर घेऊन शाबूत आहेत. पण त्यांच्या आत तारा दोनच, आणि त्यांच्यावरचे रबर आता वाळून, तडकून भुगा झालेले.

न्हाणीघरात प्लगची गरज केव्हा पडली? अमेरिकेत जेकब शिक यांचे विजेवर चालणारे दाढीचे यंत्र १९३१ साली बाजारात आले. पुढे केस वाळवण्याची यंत्रे घरोघर झाली. आरसा न्हाणीत, म्हणून प्लगही न्हाणीत, असा तो सरळ हिशेब होता. आरशावरच्या दिव्याच्या बैठकीलाच दोन फटींचा एक प्लग जोडून दिला जाई. आपल्याकडे कारण वेगळे. आपल्याला हवे होते गरम पाणी. सरपण महागले, धुराचा त्रास नकोसा झाला, बंब माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी आधी बादलीत सोडायची हीटरची कांडी आणि नंतर गिझर आला. ‘न्हाणीत एक प्लग काढून द्या,’ हे वाक्य वायरमनच्या कानाला सवयीचे झाले.

आता थोडे शास्त्र. शिक्षक बंधुभगिनींनी हे आकडे फळ्यावर लिहावेत, इतके ते मोलाचे आहेत.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. माणसाच्या शरीराचा विजेला होणारा विरोध मुख्यतः कातडीत असतो. कातडी कोरडी असली तर तो पुष्कळ जास्त असतो. कातडी भिजली की झपाट्याने उतरतो, आणि ओल्या अंगाला तो सुमारे १,००० ओहम धरायला हरकत नाही. २३० ला १,००० ने भागा. उत्तर ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. मिलि म्हणजे हजारावा भाग. आता माणसाला किती सोसते ते पाहा. सुमारे १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात. १० ते १५ च्या घरात स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडू म्हटले तरी सुटत नाही. ३० च्या पुढे प्रवाह टिकून राहिला तर श्वासाला आणि हृदयाला धोका सुरू होतो. आणि ओल्या न्हाणीत, अनवाणी पायांनी, अंगातून जाऊ शकतात २३०! साठ वॅटच्या दिव्यातून जेवढी वीज जाते, जवळजवळ तेवढीच ही आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘पण घरात फ्यूज आहे ना?’ आहे. पण तो ५ अँपिअरचा, म्हणजे ५,००० मिलिअँपिअरचा. माणूस २३० ला दगावतो आणि फ्यूज ५,००० च्या खाली हलतदेखील नाही. फ्यूज हा तारेचा राखणदार आहे, माणसाचा नव्हे. तार तापून घराला आग लागू नये एवढेच त्याचे काम. हे एक वाक्य आजच्या भाषणातून घरी नेलेत तरी माझे काम झाले.

मग माणसाचा राखणदार कोण? इतिहासाने यावर एकामागून एक दोन उत्तरे शोधली.

पहिले उत्तर म्हणजे तिसरी तार, जिला आपण अर्थिंग म्हणतो. गिझरच्या किंवा इस्त्रीच्या धातूच्या अंगाला एक तार जोडायची आणि ती थेट जमिनीत पुरलेल्या पत्र्याला नेऊन भिडवायची. आत कुठे फेजची तार अंगाला टेकली, तर विजेला माणसापेक्षा सोपी वाट मिळते. ती त्या वाटेने जोरात धावते, फ्यूज उडतो आणि धोका टळतो. आपण वापरतो तो गोल पिनांचा प्लग १९३४ सालच्या एका ब्रिटिश मानकाच्या वंशातला आहे. त्यातली मोठी पिन अर्थची. ती लांब का, हे मुलांना विचारून पाहा. लांब पिन आधी आत शिरते आणि शेवटी बाहेर येते; म्हणजे वीज यायच्या आधी संरक्षण येते आणि वीज गेल्यावरच ते जाते. खुद्द इंग्लंडने १९४७ साली चौकोनी पिनांचा नवा प्लग स्वीकारला. जुनी गोल पिन आपल्याकडे राहिली. अमेरिकेत नव्या प्लगांना अर्थची सक्ती व्हायला १९६२ साल उजाडले.

आणि आपण त्या लांब पिनेचे काय करतो? प्लगच नसला तर तारेची दोन उघडी टोके भोकांत घालतो, ती निसटू नयेत म्हणून काडेपेटीची काडी खोचतो, आणि तिसरे मोठे भोक रिकामे सोडतो. ज्याच्यासाठी इतक्या लोकांनी डोके खर्चले, ते भोक आपल्या लेखी शोभेचे!

अर्थिंगलाही मर्यादा आहे. जमिनीतला खड्डा ओला असेल, त्यात कोळसा आणि मीठ नीट भरलेले असेल, तर त्याचा विरोध कमी राहतो. समजा तो १० ओहम आहे, तर २३ अँपिअर वाहतील आणि ५ अँपिअरचा फ्यूज लगेच उडेल. पण वैशाखात तोच खड्डा कोरडा पडून विरोध १०० ओहमवर गेला, तर वाहतील फक्त सव्वादोन अँपिअर. फ्यूज शांत राहील, गिझर चालू राहील, आणि त्याचे अंग जिवंत तारेसारखे होऊन बसेल.

म्हणून दुसरे उत्तर शोधावे लागले. त्याची कल्पना वाण्याच्या तराजूइतकी सोपी आहे. फेजने जितकी वीज आत गेली तितकीच न्यूट्रलने परत आली पाहिजे. कमी आली, तर मधली वीज गेली कुठे? ती भिंतीत, पाण्यात, किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेली. या दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेल्या की, जाणारी आणि येणारी वीज समान असेतोवर कडे स्वस्थ बसते. पारडे जरा झुकले की कड्यात चुंबकत्व जागे होते आणि ते क्षणाच्या लहानशा अंशात खटका पाडते. इथे फ्यूजसारखी हजारोंची वाट पाहावी लागत नाही. ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो.

ही युक्ती माणसाचा जीव वाचवण्याइतकी तरल करायला १९५०-६० चे दशक लागले. दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींतील अपघातांसाठी अशी यंत्रणा घडवली. ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी शरीर किती वीज सोसते याचे प्रयोग स्वतःच्याच अंगावर केले. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या १३४ पुरुषांच्या आणि २८ स्त्रियांच्या हातांतून हळूहळू वाढवीत वीज सोडली आणि ‘आता सोडवत नाही’ असे कोणत्या आकड्याला होते ते मोजले. पुरुषांची सरासरी निघाली सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. या आकड्यांच्या आधारावर त्यांनी १९६१ मध्ये अवघ्या ५ मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा रक्षक तयार केला. १९६५ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. मघाशी फळ्यावर लिहा म्हणून सांगितलेले आकडे असे माणसांच्या हातांतून आलेले आहेत.

शोध लागला म्हणजे तो घरात पोचला असे होत नाही. अमेरिकेच्या वीज-संहितेने हा रक्षक आधी १९६८ साली पोहण्याच्या तलावांतील दिव्यांपाशी आणला, आणि न्हाणीघरातल्या प्लगला त्याची सक्ती केली १९७५ साली. केस वाळवण्याच्या यंत्रांच्या तारेतच, ते पाण्यात पडले तरी वीज तोडणारा रक्षक असावा, ही व्यवस्था पक्की व्हायला तिथे १९९१ साल यावे लागले. इंग्रजांनी निराळा मार्ग धरला होता. न्हाणीत प्लग नकोच. दिव्याचे बटणही छताला टांगलेल्या दोरीने ओढायचे. अपवाद फक्त दाढीच्या यंत्राचा, आणि त्यालाही मध्ये असा ट्रान्सफॉर्मर की त्याच्या विजेचा जमिनीशी संबंधच राहू नये. २००८ सालच्या नियमांनी तिथे प्रथमच, रक्षक असेल तर टबापासून पुरेशा दूर, म्हणजे ३ मीटरांच्या पलीकडे, साधा प्लग चालेल असे म्हटले. आणि फ्रान्समध्ये? ११ मार्च १९७८ रोजी क्लोद फ्रांस्वा हा त्या देशाचा अत्यंत लोकप्रिय गायक पॅरिसमधल्या आपल्या घरी न्हाणीत, ओल्या अंगाने दिव्याला हात लावायला गेला आणि जागच्या जागी गेला. वय एकोणचाळीस. पैसा, प्रसिद्धी, पॅरिससारखे शहर, काहीही आड आले नाही.

आपल्याकडे १९५६ साली भारतीय वीज नियम झाले. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा-विनियम आले, त्यांत भूगळती-रक्षकाची अट होती. पण कमी भाराच्या लहान घरगुती जोडण्या तिच्यातून वगळल्या होत्या. म्हणजे ज्या घरात न्हाणी जुनी, तारा जुन्या आणि माणसे अनवाणी, नेमके तेच घर अटीच्या बाहेर!

या साऱ्या इतिहासात एक गोम आहे, आणि तीच मला आज मुख्यतः सांगायची आहे. कोणत्याही देशात नवा नियम होतो तो बहुधा नव्या कामासाठी. उभ्या घरात जाऊन कोणी जुन्या तारा उपसून काढीत नाही. जुने घर आपल्या जुन्याच काळात राहते. साल कोणतेही असो, त्या न्हाणीपुरते १९४० किंवा १९६० च चालू असते. त्या घरात नवा काळ शिरायची संधी एकाच दिवशी येते. ज्या दिवशी घरधनी म्हणतो, ‘इथे एक प्लग काढा,’ आणि वायरमन भिंतीला छिन्नी लावतो. तो दिवस वाया घालवला तर पुढली तीस वर्षे वाया गेली.

आम्ही तो दिवस वाया घालवला होता.

आमचा वाडा तालुक्याच्या गावी. आजोबांनी वीज घेतली ती लाकडी पट्टीतून, दोन तारांची. पुढे न्हाणीत गिझर आला. त्या वेळच्या वायरमनने माजघरातल्या बोर्डावरूनच दोन तारा ओढल्या आणि अर्थ म्हणून तिसरी तार न्हाणीतल्या लोखंडी नळाला गुंडाळली. काम तासाभरात झाले, पैसेही थोडे लागले, सगळे खूश. तेव्हा ते चाललेही, कारण नळ लोखंडाचा होता आणि अंगणातून जमिनीखालून लांबवर गेला होता. मग काही वर्षांनी नळ गंजला. आम्ही अंगणातली सारी लाईन काढून प्लास्टिकची टाकली. न्हाणीच्या भिंतीतला वीतभर लोखंडी तुकडा आणि पितळी तोटी तेवढी राहिली. पाण्याचे काम करणाऱ्याला विजेचे ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. त्या दिवशी आमच्या घराचे अर्थिंग गेले. कुणाला पत्ताही लागला नाही.

२००९ च्या हिवाळ्यात माझी आत्या म्हणू लागली, “अरे, तोटीला हात लावला की मुंग्या येतात बघ.” आम्ही हसलो. थंडी आहे, वय झाले आहे, असे कोणीतरी म्हणाले. ती पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, “बघू आत्या, संक्रांत झाली की वायरमनला बोलावतो.” मी एम.ए. झालेला, महाविद्यालयात शिकवणारा माणूस. आणि मुंग्या येणे म्हणजे अंगातून एक मिलिअँपिअर जाणे, ही सूचना आहे, हे मला कळत नव्हते. संक्रांतीच्या आधीच एका सकाळी न्हाणीतून आवाज आला. धक्क्याने ती फेकली गेली होती. फेकली गेली म्हणून वाचली. हात तोटीला आवळला असता तर आज मी हे भाषण करीत नसतो. उजवे मनगट मोडले. ते जुळले, पण वाकडे. तेव्हापासून तिला पोळी लाटता आली नाही. ती कधी मला बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मग एक म्हातारे वायरमन आले. त्यांनी टेस्टर काढायच्या आधी मेन स्विच पाडला, नळाला गुंडाळलेली तार शोधली आणि मला हाक मारून म्हणाले, “सर, ही तार कुठे जाते सांगा?” मी म्हणालो, “नळाला.” “आणि नळ कुठे जातो?” मी गप्प राहिलो. ते म्हणाले, “म्हणजे कुठेच जात नाही. गिझरमधली गळती या तारेवरून तोटीत येत होती. तुम्ही तोटीलाच वीज जोडून ठेवली होती.” माणसाला वाचवायला बसवलेली तार माणसाच्याच हाताशी वीज आणून देत होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा धडा कोणता? एखादी व्यवस्था ज्या कारणासाठी केली ते कारण विसरले, म्हणजे तीच व्यवस्था उलटते.

तेव्हा, श्रोतेहो, तुमच्या जुन्या न्हाणीत प्लग काढायचा दिवस येईल, त्या दिवशी काय करायचे ते ऐका.

परवानाधारक वायरमनलाच बोलवा. शेजारचा हौशी पोरगा कितीही हुशार असो. न्हाणीची तार जवळच्या बोर्डावरून उसनी घेऊ नका. २,००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. दिव्याच्या जुन्या तारेला तो भार झेपत नाही. त्याच्यासाठी मेनपासून जाड तांब्याची वेगळी लाईन आणि मोठा, म्हणजे १६ अँपिअरचा प्लग हवा. प्लग शिंतोड्यांच्या आणि न्हाणाऱ्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर, उंच. आणि त्याचे बटण न्हाणीच्या बाहेर असेल तर उत्तम. तिसरी तार नळाला नव्हे, खड्ड्यातल्या पत्र्याला जोडलेली आहे, हे स्वतः उभे राहून पाहा. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओता; तुळशीला घालता तसेच.

आणि मेनपाशी ३० मिलिअँपिअरचा रक्षक बसवा. दुकानात त्याला आरसीसीबी म्हणतात. पुष्कळ वायरमन जुन्या नावाने ईएलसीबी म्हणतात. शेजारी असतात त्या साध्या एमसीबीला तो समजू नका. एमसीबी हा फ्यूजचाच नवा अवतार, तारेचा राखणदार. रक्षकाची खूण अशी की, त्याच्यावर एक लहानसे चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो पहारेकरी झोपलेला आहे असे समजा आणि बदला. कुणाच्या घरात तिसरी तार ओढणे आज शक्यच नसेल, तरीही हा रक्षक काम करतो, कारण तो दोन तारांचाच हिशेब पाहतो. अमेरिकेच्या संहितेनेही जुन्या दोन-तारी घरांना हीच सवलत दिली आहे. मात्र तिथे अशा प्लगवर ‘अर्थ नाही’ अशी चिठ्ठी लावावी लागते. ही तात्पुरती तडजोड आहे. अर्थिंग आणि रक्षक, दोन्ही हवेत.

बादलीत सोडायच्या कांडीबद्दल एकच सांगतो. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोटही लावू नका. पाणी तापले का हे बोट बुडवून पाहण्याची आपली सवय बंबाच्या काळातली आहे. बंब गेला, सवय राहिली.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात घरच्या विजेवर प्रयोग मुळीच करू नका, पण एक प्लग उघडून मुलांच्या हाती द्या. मोठी पिन दाखवा. मग त्यांना घरी जाऊन एवढेच बघायला सांगा, की न्हाणीतल्या प्लगला तीन तारा आहेत का, आणि तिसरी कुठे जाते. पुष्कळ घरांत वडील माणसांना याचे उत्तर देता येणार नाही. मुलाने विचारले की ते शोधतील. मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आमच्या न्हाणीत आता नवी लाईन आहे, खड्डा आहे, रक्षक आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चाचणीचे बटण आत्या दाबते. डाव्या हाताने. खटका पडला की ती स्वयंपाकघरातून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणते, “चालू आहे रे!” आणि मग आम्ही आंघोळीला जातो.